हेब्रिडीझ बेटांतील गृहप्रश्न

हेब्रिडीझ बेटांतील गृहप्रश्न : स्कॉटलंडच्या पश्चिम व वायव्य किनाऱ्यालगत अटलांटिक महासागरात पसरलेल्या हेब्रिडीझ द्वीपसमूहातील निवासाची समस्या व तिच्याशी निगडित असलेल्या लोकवस्तीच्या ऱ्हासाचा इतिहास. या द्वीपसमूहाचे अंतर्गत व बाह्य असे दोन भाग पडतात. अंतर्गत हेब्रिडीझमध्ये स्काय, मल, आयला, जुरा, टायरी, आयोना, रम, एग, गीअ इ. बेटांचा, तर बाह्य हेब्रिडीझमध्ये लूइस व हॅरिस, नॉर्थ यूइस्ट, बेनबेक्युला, साउथ यूइस्ट, बॅरा इ. बेटांचा अंतर्भाव होतो. बाह्य हेब्रिडीझचे क्षेत्रफळ सु. ३,०७० चौ. किमी. असून १९११ च्या जनगणनेत तेथे ४६,००० हून अधिक लोक होते. २०२२ च्या जनगणनेत ही संख्या सु. २६,००० भरली. एका शतकात लोकसंख्या दोन-पंचमांशांहून अधिक घटली असतानाही तेथील तरुण कुटुंबांना राहण्यास घर मिळत नाही, ही वरकरणी विसंगत भासणारी स्थिती या प्रश्नाच्या मुळाशी आहे. बेटावरील घरांची टंचाई ही केवळ बांधकामाची उणीव नसून घर ज्या जमिनीवर उभे राहते तिच्यावरील हक्काशी ती प्रथमपासून निगडित आहे, असे या बेटांच्या दोन शतकांच्या इतिहासावरून दिसून येते.

भूमी व पारंपरिक घर : बेटांची जमीन बहुतांशी खडकाळ, पीटने व्यापलेली व निकृष्ट असून लागवडीस योग्य असा पट्टा मुख्यतः किनाऱ्यालगत आढळतो. त्यामुळे वस्त्याही किनाऱ्यानेच विखुरलेल्या आहेत. प्रत्येक कुटुंबाकडे लहानसा शेतीचा तुकडा आणि वस्तीच्या मागील सामाईक गायरानात गुरे-मेंढ्या चारण्याचा हक्क, अशी येथील शेतव्यवस्था आहे. या लहान कूळजमिनीस ‘क्रॉफ्ट’ व ती कसणाऱ्यास ‘क्रॉफ्टर’ म्हणतात. क्रॉफ्टच्या उत्पन्नावर कुटुंबाचा पूर्ण निर्वाह होत नसल्याने मासेमारी, विणकाम, मजुरी किंवा जहाजावरील नोकरी यांची जोड त्यास द्यावी लागे.

येथील पारंपरिक घर गॅलिक भाषेत ‘काळे घर’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाते. दगडांच्या दुहेरी व रुंद भिंती, त्यांच्या मधल्या पोकळीत मातीची भर, वर गवताचे किंवा पेंढ्याचे शाकारलेले छप्पर आणि छप्पर वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांना टांगलेले दगड, अशी त्याची रचना असे. घराच्या मध्यभागी पीटचा विस्तव अखंड पेटता ठेवीत. धुराडे नसल्यामुळे धूर छपरातून झिरपत बाहेर पडे आणि काजळीने माखलेले जुने छप्पर पुढे शेतात खत म्हणून वापरीत. माणसे व गुरे एकाच छपराखाली राहत. लाकूड दुर्मिळ असल्याने घरातील वासे ही कुटुंबाची मोलाची चीजवस्तू समजली जाई. लूइसमधील आर्नोल येथील एक काळे घर विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत राहते होते व आता ते वारसावास्तू म्हणून जतन करण्यात आले आहे.

बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनी या घरांचे वर्णन मागासलेपणाचे लक्षण म्हणून केले. तथापि अशा घरांत लोक दीर्घकाळ राहिले याचे एक कारण धारणपद्धतीत होते. बहुसंख्य कुळे वर्षावर्षाच्या बोलीवर, जमीनदाराच्या मर्जीपर्यंतच जमीन धारण करीत. घर कुळाने स्वतःच्या श्रमाने बांधलेले असले, तरी जमिनीबरोबर ते जमीनदाराचेच ठरे. घर सुधारल्यास खंड वाढण्याचा संभव असे आणि बेदखल झाल्यास भरपाई मिळत नसे. ज्या घरातून पुढील वर्षी बाहेर पडावे लागेल, त्यात चुना व लाकूड घालण्याचे धाडस कोणी करीत नसे.

बेदखलीचा कालखंड : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रशैवल जाळून त्याची राख काच व साबण यांच्या कारखान्यांना पुरविण्याचा धंदा बेटांवर भरभराटीस आला. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांमुळे परदेशी क्षारांची आयात अडली आणि राखेचे भाव चढले. या कष्टाच्या कामासाठी मजूर हवे असल्याने जमीनदारांनी जमिनीचे लहान लहान तुकडे पाडून किनाऱ्यावर दाट वस्ती वसविली. १८०३ च्या प्रवासी जहाजविषयक कायद्याने परदेशगमन महाग झाले व लोक बेटांवरच राहिले. म्हणजे क्रॉफ्टचा अपुरेपणा ही निसर्गाची देणगी नव्हती. कुटुंबाला केवळ शेतीवर जगता येऊ नये, इतपतच जमीन त्याला देण्यात आली होती.

१८१५ नंतर शांतता प्रस्थापित होऊन राखेचे भाव कोसळले. मजुरांची गरज संपली आणि तीच लोकसंख्या जमीनदारांना भार वाटू लागली. मेंढपाळीसाठी मोठी कुरणे खंडाने देणे अधिक लाभदायक ठरले. रम बेटावरील सु. ३०० लोकांना १८२६ मध्ये जहाजांत बसवून नोव्हा स्कोशाकडे पाठविण्यात आले. १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे दुष्काळ ओढवला व बेदखलीस वेग आला. साउथ यूइस्ट व बॅरा या बेटांचा मालक जॉन गॉर्डन याने १८५१ मध्ये दीड हजारांहून अधिक कुळांना क्वेबेककडे रवाना केले. मल बेटालगतच्या अल्व्हा या लहान बेटावर पाचशेहून अधिक लोक राहत होते; दुष्काळानंतरच्या काही वर्षांत त्यांपैकी बहुतेकांना घालविण्यात आले. घरे रिकामी करताना छप्पर काढून टाकण्याची किंवा जाळण्याची रीत होती. लाकडाचे दुर्भिक्ष असलेल्या बेटावर छप्पर नाहीसे होणे म्हणजे परतीचा मार्ग बंद होणे होय. अशा छप्परहीन भिंतींचे समूह आजही अनेक बेटांवर दिसतात.

१८८६ चा कूळकायदा : १८८२ मध्ये स्काय बेटावरील ब्रेझ येथील कुळांनी गायरानाच्या हक्कासाठी खंड देण्याचे नाकारले. त्यांना दबविण्यासाठी ग्लासगोहून पोलीस आणण्यात आले व चकमक उडाली. या व इतर वादांमुळे शासनाने लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. आयोगाने मे १८८३ मध्ये ब्रेझ येथेच पहिली बैठक घेतली, बेटोबेटी जाऊन कुळांच्या साक्षी नोंदविल्या व १८८४ मध्ये अहवाल सादर केला. त्यानंतर संमत झालेल्या १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने कुळांना तीन प्रमुख हक्क दिले : (१) ठराविक अटी पाळल्यास बेदखलीपासून संरक्षण व वारसाला जमीन मिळण्याचा हक्क, (२) आयोगाकडून ठरविला जाणारा रास्त खंड आणि (३) जमीन सोडताना घरासह सर्व कायम सुधारणांची भरपाई.

यांपैकी तिसऱ्या हक्काने बेटांवरील घराचे स्वरूप पालटले. पुढील काही दशकांत चुन्याच्या भिंती, धुराडी व खिडक्या असलेली ‘पांढरी घरे’ उभी राहू लागली. ती बांधण्यास पुरेसा पैसा नव्हताच; मात्र घरात घातलेला पैसा आता बुडणार नव्हता. कृषिमंडळाकडून कर्जे व अनुदाने मिळू लागल्यावर या कामास गती आली. क्रॉफ्टर हा कायद्याने कूळच राहिल्यामुळे त्याची जमीन तारण ठेवता येत नसे व खाजगी पतपेढ्या घरासाठी कर्ज देत नसत. त्यामुळे बेटांवरील गृहनिर्माण प्रारंभापासून शासकीय साहाय्यावर अवलंबून राहिले.

या कायद्यात एक मोठी उणीव होती. ज्यांच्याकडे क्रॉफ्ट होता त्यांना संरक्षण मिळाले. परंतु नातलगांच्या क्रॉफ्टच्या कडेला झोपड्या बांधून राहणाऱ्या भूमिहीनांना काहीच मिळाले नाही. पूर्वी काढून घेतलेली जमीन परत देण्याची तरतूदही त्यात नव्हती.

व्हॅटर्से व मिंग्यूले : या उणिवेतून उद्भवलेला एक प्रसिद्ध संघर्ष म्हणजे बॅराच्या दक्षिणेकडील व्हॅटर्से बेटाचा. हे सुपीक बेट एका मोठ्या शेतमळ्याच्या रूपाने खंडाने दिलेले होते, तर शेजारच्या बॅरा व मिंग्यूले बेटांवरील भूमिहीन कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. १९०६ पासून या लोकांनी व्हॅटर्सेवर जाऊन बटाटे लावले व झोपड्या उभारल्या. एका दिवसात घर उभारून त्यात चूल पेटविणाऱ्याचा त्या जागेवर हक्क पोहोचतो, अशी जुनी लोकसमजूत त्यांनी आधारास घेतली. मालकीण लेडी गॉर्डन कॅथकार्ट यांनी न्यायालयात धाव घेतली आणि १९०८ मध्ये दहा जणांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. तथापि लोकमत त्यांच्या बाजूचे होते. अखेरीस शासनाच्या दाट वस्ती जिल्हा मंडळाने बेट खरेदी करून त्याचे क्रॉफ्ट पाडले.

या घटनेची दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. मिंग्यूलेवर १८८१ मध्ये १५० लोक होते. तेथे नीट धक्का नव्हता, त्यामुळे वादळी दिवसांत होडी लावणे अशक्य होई. व्हॅटर्सेवर जमीन व घर मिळण्याची शक्यता निर्माण होताच तेथील कुटुंबे निघून जाऊ लागली आणि १९१२ मध्ये मिंग्यूले निर्जन झाले. एका बेटावरील घरांची सोय दुसऱ्या बेटाच्या वस्तीचा शेवट ठरली.

पहिल्या महायुद्धात बेटांवरील तरुणांनी मोठ्या संख्येने भाग घेतला. परतणाऱ्या सैनिकांना जमीन देण्याचे आश्वासन देण्यात आले होते व १९१९ मध्ये तसा कायदाही झाला. लूइसला दुहेरी आघात सोसावा लागला. १ जानेवारी १९१९ रोजी सैनिकांना घरी आणणारे ‘आयोलेअर’ हे जहाज स्टॉर्नोवे बंदराच्या तोंडाशी बुडून सु. २०० जण मरण पावले. बेटाचे मालक लॉर्ड लीव्हरह्यूम यांना तेथे मासेमारीचा मोठा उद्योग उभारावयाचा होता, तर परतलेल्या सैनिकांना शेतमळे फोडून क्रॉफ्ट हवे होते. या वादात उद्योग उभा राहिला नाही. १९२३ मध्ये लीव्हरह्यूम यांनी बेट लोकांना देऊ केले. परंतु करांचा बोजा पेलणार नाही या भीतीने केवळ स्टॉर्नोवे परिसराने ते स्वीकारले. त्यातून निर्माण झालेला स्टॉर्नोवे न्यास हा लोकस्वामित्वाचा सर्वांत जुना नमुना होय. त्याच वर्षी ‘मेटागामा’ जहाजातून सु. ३०० लोक कॅनडाला गेले. त्यांत तरुणांचा भरणा अधिक होता.

सेंट किल्डा : केवळ चांगल्या घरांनी बेट टिकत नाही, हे सेंट किल्डाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बाह्य हेब्रिडीझच्याही पश्चिमेस एकाकी असलेल्या या बेटावर सतराव्या शतकाच्या अखेरीस सु. १८० लोक राहत. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला गेले. १८६० च्या वादळात घरांची हानी झाल्यानंतर मालकाने एका ओळीत १६ नवी घरे बांधून दिली. त्या काळी हेब्रिडीझमधील अनेक गावांत अशी घरे नव्हती. परंतु त्यांवरील जस्ताचे पत्रे वाऱ्यात टिकले नाहीत आणि जुन्या काळ्या घरांपेक्षा ती थंड व दमट ठरली. धक्का, नियमित दळणवळण व डॉक्टर यांची सोय झाली नाही. तरुण निघून जात राहिले. उरलेल्या माणसांत होड्या चालविणे व मेंढ्या सांभाळणे अशक्य झाल्यावर रहिवाशांनीच शासनाकडे स्थलांतराचा अर्ज केला आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटच्या ३६ जणांनी बेट सोडले. आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील ग्रेट ब्लास्केट बेटही अशाच कारणांनी १९५३ मध्ये रिकामे करण्यात आले. बेटाची वस्ती एकाएकी नष्ट होत नाही. कामाला हात उरणार नाहीत अशा मर्यादेपर्यंत ती हळूहळू घटते आणि नंतरचा शेवट अल्पावधीत होतो, हे या दोन्ही उदाहरणांत समान आहे.

सार्वजनिक घरे व विक्रीचा हक्क : दुसऱ्या महायुद्धानंतर स्थानिक संस्थांनी बेटांवर भाड्याची घरे बांधली. क्रॉफ्ट नसलेल्या कुटुंबांना, तसेच शिक्षक, परिचारिका, फेरीबोटींवरील व बंदरावरील कर्मचारी यांना या घरांचा आधार मिळाला. १९६५ मध्ये हायलँड्स व बेटांसाठी स्वतंत्र विकास मंडळ व १९७५ मध्ये बाह्य हेब्रिडीझसाठी स्वतंत्र परिषद स्थापन झाली.

याच सुमारास दोन कायद्यांनी घराचे स्वरूप बदलले. १९७६ च्या कायद्याने क्रॉफ्टरला वार्षिक खंडाच्या पंधरापट किंमत देऊन आपली जमीन विकत घेण्याचा व घराची जागा क्रॉफ्टमधून वेगळी काढण्याचा मार्ग मोकळा झाला. घर वेगळे काढल्यास ते तारण ठेवून कर्ज मिळे, म्हणून अनेकांनी या सवलतीचा लाभ घेतला. परंतु असे घर क्रॉफ्टच्या निर्बंधांतून मुक्त होऊन खुल्या बाजारात कोणासही विकता येऊ लागले. १९८० च्या कायद्याने सार्वजनिक घरांतील भाडेकरूंना सवलतीच्या दराने घर विकत घेण्याचा हक्क दिला. भाडेकरूंच्या दृष्टीने हा हक्क इष्टच होता; तथापि लहान बेटावर अशी घरे मोजकीच असल्यामुळे एकेका विक्रीचा परिणाम मोठा होई. पहिला खरेदीदार बेटवासी असला, तरी त्याच्या पश्चात वारसांनी घर विकले की ते भाड्याच्या साठ्यातून कायमचे जाई. स्कॉटलंडमध्ये हा हक्क २०१६ मध्ये रद्द करण्यात आला. १८८६ च्या कायद्याने बेटवासियांचे घर जमीनदारापासून सुरक्षित केले होते. बाजारापासून त्याचे रक्षण करण्याचा प्रश्न तेव्हा उद्भवला नव्हता.

टंचाईचे आधुनिक स्वरूप : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बेटांकडे येणारा पर्यटकांचा ओघ वाढला. स्काय बेटाचा पूल १९९५ मध्ये खुला झाला. फेरीबोटीचे भाडे तेवढ्याच अंतराच्या रस्त्यावरील प्रवासखर्चाशी जुळते ठेवण्याची योजना २००८ पासून प्रथम बाह्य हेब्रिडीझ व काही शेजारच्या बेटांसाठी लागू झाली. तिचा लाभ बेटवासियांना झाला, तसाच पाहुण्यांनाही झाला. सुटीपुरती वापरावयाची दुसरी घरे व पर्यटकांना अल्प मुदतीने भाड्याने दिली जाणारी घरे यांची संख्या वाढली. उन्हाळ्यातील काही आठवड्यांचे भाडे वर्षभर राहणाऱ्या कुटुंबाच्या भाड्याहून अधिक येत असल्यास मालकाचा कल कोठे असेल, हे उघड आहे. शहरात घर विकून आलेला किंवा निवृत्त झालेला खरेदीदार देऊ शकतो ती किंमत स्थानिक मजुरीवर राहणाऱ्याला परवडत नाही.

मागणीची रीतही बदलली आहे. पूर्वी एका घरात तीन पिढ्या राहत. आता एकेकट्या वृद्धांची घरे अधिक आहेत. त्यामुळे लोकसंख्या घटूनही घरांची गरज त्या प्रमाणात घटत नाही. नवे बांधकाम महाग पडते. सिमेंट, लाकूड व यंत्रे फेरीबोटीने आणावी लागतात, हवामानामुळे काम खोळंबते, कारागीर बेटाबाहेरून आणल्यास त्यांच्याच निवासाची सोय करावी लागते, आणि दोन-चार घरांच्या कामासाठी मोठे ठेकेदार पुढे येत नाहीत.

टंचाईचे परिणाम एकमेकांत गुंतलेले असतात. शाळेस शिक्षक नेमला, परंतु त्याला घर नाही. खानावळीस वा मत्स्यशेतीस कामगार हवेत, परंतु ते राहणार कोठे, अशी स्थिती अनेक बेटांवर आढळते. तरुण जोडपे बाहेर गेले की शाळेतील पट घटतो. शाळा बंद झाली की मुले असलेली कुटुंबे येत नाहीत. गॅलिक भाषेच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे. बाह्य हेब्रिडीझमध्ये २०११ मध्ये निम्म्याहून किंचित अधिक लोक गॅलिक बोलत. २०२२ मध्ये हे प्रमाण निम्म्याखाली गेले. भाषा शाळेत शिकविता येते. परंतु ती ज्या शेजारात बोलली जाते तो टिकण्यासाठी तरुण कुटुंबे गावात राहावी लागतात.

लोकस्वामित्वाचे प्रयोग : बेटाची जमीन रहिवाशांच्या न्यासाने विकत घेण्याची चळवळ १९९० नंतर बळावली. एग बेटावर खाजगी मालकांच्या काळात बहुतेक रहिवाशांकडे घराचे दीर्घ मुदतीचे करारपत्र नव्हते. म्हणजे एका शतकापूर्वीच्या कुळांसारखीच त्यांची अवस्था होती. त्यामुळे घरे मोडकळीस आली. जून १९९७ मध्ये रहिवाशांची संघटना, हायलँड परिषद व वन्यजीव संरक्षण संस्था यांच्या संयुक्त न्यासाने लोकवर्गणीच्या बळावर सु. १५ लक्ष पौंडांस बेट खरेदी केले. न्यासाने प्रथम करारपत्रे दिली, नंतर घरांची दुरुस्ती हाती घेतली व तरुणांना घरासाठी भूखंड उपलब्ध केले. २००८ मध्ये जल, वारा व सूर्य यांवर चालणारी स्वतःची वीजव्यवस्था सुरू झाली. खरेदीच्या वेळी बेटावर सु. ६५ लोक होते. पुढे ही संख्या शंभरावर गेली. वाढलेल्यांत शिक्षणासाठी बाहेर जाऊन परतलेले तरुणही आहेत.

गीअ बेट मार्च २००२ मध्ये सु. ४० लक्ष पौंडांस न्यासाकडे आले. तेथील बहुसंख्य घरे राहण्यायोग्यतेच्या किमान दर्जाच्याही खाली होती. पवनचक्क्यांच्या उत्पन्नाचा आधार घेऊन त्यांची दुरुस्ती करण्यात आली व नवी घरे बांधण्यात आली. लोकसंख्या २००१ मधील ११० वरून २०११ मध्ये १६३ झाली. या कामासाठी काढलेल्या कर्जाचा भार मात्र न्यासास दीर्घकाळ जाणवला. रम बेटावर जवळजवळ सर्व घरे निसर्गसंरक्षण खात्याची असल्याने नोकरी संपली की घरही जाई. २००९-१० मध्ये किनलॉक गावाची जमीन रहिवाशांच्या न्यासाकडे आली व २०२० मध्ये चार नवी भाड्याची घरे पूर्ण झाली. सु. २० ते ३० लोकांच्या बेटावर चार कुटुंबांचे आगमन ही मोठी घटना ठरते. अल्व्हा बेटावर जेमतेम पाच-सहा रहिवासी उरले असता २०१८ मध्ये लोकन्यासाने ते विकत घेतले आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीपासूनच कामास प्रारंभ केला.

या प्रयोगांच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या आहेत. साउथ यूइस्ट व लगतच्या बेटांवरील सु. ९३,००० एकर जमीन २००६ मध्ये लोकन्यासाकडे आली आणि आज बाह्य हेब्रिडीझमधील दोन-तृतीयांशांहून अधिक लोक लोकस्वामित्वाच्या जमिनीवर राहतात. तरीही घरांची टंचाई तेथे संपलेली नाही. कारण पूर्वीच वेगळी काढलेली घरे न्यासाच्या कक्षेबाहेर आहेत, क्रॉफ्टचे हस्तांतरणही पैसे घेऊन होते आणि न्यासाकडे जमीन असली तरी बांधकामास भांडवल नसते. यावर एक उपाय २००३ च्या कायद्याने उपलब्ध झाला. ग्रामीण गृहसंस्था सवलतीने भूखंड अथवा घर विकताना खरेदीपत्रात अशी अट घालू शकते, की पुढील प्रत्येक विक्रीच्या वेळी ते प्रथम संस्थेस देऊ केले पाहिजे. घर कुटुंबाच्या मालकीचे राहते, परंतु वस्तीच्या हातून निसटत नाही.

शासकीय धोरण : २०१० च्या कायद्याने क्रॉफ्टरने आपल्या क्रॉफ्टपासून ३२ किमी.च्या आत राहिले पाहिजे, असे बंधन घातले. २०१८ च्या बेटविषयक कायद्याने नवे धोरण आखताना त्याचा बेटांवरील परिणाम तपासणे सार्वजनिक संस्थांवर बंधनकारक झाले व २०१९ मध्ये राष्ट्रीय बेट योजना जाहीर झाली. २०२१ मध्ये स्कॉटिश शासनाने बेटांवर राहण्यास जाणाऱ्या किंवा तेथे टिकून राहणाऱ्या शंभरापर्यंत कुटुंबांना प्रत्येकी ५०,००० पौंडांपर्यंत साहाय्य देण्याची योजना मांडली. त्यावर बेटवासियांचा मुख्य आक्षेप असा, की लोकांना बोलावण्यासाठी पैशाची गरज नाही. जे राहू इच्छितात त्यांना घर नाही. २०२२ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. त्यानंतर अल्पकालीन भाड्यासाठी परवाना सक्तीचा करण्यात आला आणि एप्रिल २०२४ पासून दुसऱ्या घरांवर दुपटीपर्यंत स्थानिक कर बसविण्याचा अधिकार परिषदांना मिळाला. २०३२ पर्यंत बांधावयाच्या १,१०,००० परवडणाऱ्या घरांपैकी किमान दहा टक्के ग्रामीण भागात व बेटांवर असावीत, असे शासनाचे उद्दिष्ट आहे. परवान्यांबाबत मतभेद आहेत. पर्यटकांना खोली भाड्याने देणे हे अनेक क्रॉफ्टर कुटुंबांचे जोड उत्पन्नाचे साधन असल्याने त्यांवरही हा बोजा पडतो.

समालोचन : हेब्रिडीझच्या इतिहासात घराचा प्रश्न तीन अवस्थांतून गेलेला दिसतो. पहिल्या अवस्थेत लोक पुष्कळ होते, परंतु घर जमीनदाराच्या मर्जीवर होते. दुसऱ्या अवस्थेत कायद्याने कुळाचे घर सुरक्षित झाले. मात्र भूमिहीन बाहेर राहिले. तिसऱ्या अवस्थेत घर मुक्तपणे विकता येऊ लागले व ज्यांच्यासाठी ते सुरक्षित करण्यात आले होते त्यांच्याच पुढील पिढीच्या आवाक्याबाहेर गेले. तिन्ही अवस्थांत बेटावर वर्षभर राहू इच्छिणाऱ्या कुटुंबास घरावर टिकाऊ हक्क मिळतो की नाही, हाच निर्णायक मुद्दा ठरला. सेंट किल्डाचा अनुभव धक्का, फेरीबोट, वैद्यकीय साहाय्य व रोजगार यांवाचून घर निरुपयोगी ठरते असे सांगतो; एग व गीअ यांचा अनुभव या सोयी असल्या तरी घराच्या हक्कावाचून त्यांचा उपयोग करण्यास माणसे उरत नाहीत असे दाखवितो. मोठ्या शहरात शंभर घरांची तूट आकडेवारीत क्वचितच जाणवते. शाळेत पाचसहा मुले असलेल्या बेटावर एका कुटुंबास घर मिळाले नाही, तर पुढील वर्षी शाळा उघडेल की नाही हे त्यावर अवलंबून असते.